टॅब घ्यावा की लॅपटॉप?

(प्रस्तुत पाठात लेखिकेने टॅब्लेट आणि लॅपटॉप या दोन यंत्रांची तुलना केली आहे. रोजच्या कामासाठी यांपैकी कोणते यंत्र उपयोगी पडते, याचा विचार रत्नागिरीतील घरे, बागा आणि शाळा डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांचे अब्बा, चाचा किंवा मामू कुवेत, दुबई, मस्कत अशा ठिकाणी नोकरीला आहेत. दहावीचा निकाल लागला की तिकडून फोन येतो. मुबारकबाद दिल्यावर पहिला प्रश्न असतो, "बोल, काय पाठवू?" एके काळी मुले घड्याळ किंवा सायकल मागत. आता बहुतेक जण म्हणतात, "टॅब पाठवा," किंवा "लॅपटॉप पाठवा." मग घरात चर्चा सुरू होते. टॅब स्वस्त आहे, हलका आहे, दिसायला छान आहे. लॅपटॉप महाग आहे, जड आहे. पण शेजारचा मोठा मुलगा म्हणतो की खरे काम त्यावरच होते. कोणाचे ऐकायचे?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. ज्या घरात एकदाच पैसे खर्च होणार आहेत आणि पुढची चार-पाच वर्षे तेच यंत्र तीन भावंडांनी मिळून वापरायचे आहे, त्या घरात निवड चुकली तर तिची किंमत पैशांपेक्षा जास्त असते. म्हणून आज आपण या प्रश्नाचा सावकाश विचार करू.

प्रथम शब्द पाहू. 'टॅब्लेट' म्हटले की आमच्या शेजारच्या दादी विचारतात, "कसली गोळी? ताप आलाय का कुणाला?" त्यांचेही बरोबर आहे. औषधाच्या गोळीलाही टॅब्लेटच म्हणतात. पण या शब्दाचा जुना अर्थ आहे लहान, सपाट फळी. म्हणजेच उर्दूतील तख्ती आणि मराठीतील पाटी! पूर्वी मुले लाकडी तख्तीला मुलतानी माती फासत, ती वाळली की बोरूने तिच्यावर अक्षरे गिरवत आणि नंतर ती धुऊन टाकत. दगडी पाटीवर पेन्सिलीने लिहीत आणि ओल्या फडक्याने पुसत. पाटी आणि वही या दोन्ही वस्तू एकाच दफ्तरात असत. (दफ्तर हा शब्दही गमतीचा आहे, बरे का! उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत मात्र ते तुमच्या पाठीवर असते.) 'लॅपटॉप' म्हणजे मांडीवर ठेवून वापरता येईल असा संगणक. त्याला पडदा असतो, खरा कळफलक असतो आणि तो वहीसारखा मिटतो.

आता एक ऐकण्यासारखी हकिकत सांगते. टॅबची कल्पना प्रथम कोणासाठी सुचली असेल? साहेबांसाठी? व्यापाऱ्यांसाठी? नाही. ती तुमच्यासारख्या मुलांसाठी सुचली. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये एक लेख लिहिला. त्या काळी संगणक कपाटाएवढे असत. अशा काळात के यांनी लिहिले, की प्रत्येक मुलाजवळ वहीएवढा संगणक असावा. मुलाने तो हिरवळीवर बसून वापरावा, त्यावर वाचावे, चित्रे काढावीत, स्वतः काहीतरी तयार करावे. त्या यंत्राला त्यांनी 'डायनाबुक' असे नाव दिले. ते यंत्र त्या रूपात कधी तयार झाले नाही. पण त्याच्या चित्राकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्या सपाट पाटीवर पडद्याच्या खाली कळफलक होता. के यांना वाटत होते, की मुलाने केवळ पाहू नये, लिहावेही.

पुढे २०१० मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी 'आयपॅड' जगापुढे ठेवला. तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधला आहे, असेच त्यांनी सांगितले होते. तो लॅपटॉपची जागा घेईल, असे काही त्या दिवशी ठरले नव्हते. त्यावर कळफलक नव्हता. लिहायचे असेल तर काचेवर अक्षरे उमटत आणि त्यांना बोट लावायचे. पण २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपला टॅब बाजारात आणला, त्याच्याबरोबर जोडता येणारा कळफलकही आणला. २०१५ मध्ये ॲपलनेही मोठ्या आयपॅडसाठी कळफलक असलेले आवरण विकायला काढले. म्हणजे फिरून फिरून सगळे त्या १९७२ च्या चित्रापाशीच आले!

आपल्या देशातही हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आजमावून पाहिला गेला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' नावाच्या टॅबचे उद्घाटन झाले. सात इंचांचा पडदा आणि सरकारला पडणारी किंमत सुमारे २,३०० रुपये. महाविद्यालयात शिकणाऱ्या गरीब मुलाला संगणक परवडत नाही. त्याच्या हातात निदान हा टॅब पडावा, असा त्यामागचा हेतू होता. हेतू फार चांगला होता. पण पहिल्या आकाशचा पडदा जोराने दाबावा लागे, यंत्र मंद चाले आणि बॅटरी दोन-तीन तासांत उतरे. पुढे हे काम मुंबईत, पवई येथील आयआयटीकडे आले. प्राध्यापक दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे सुधारित यंत्रावर काम झाले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' चे उद्घाटन झाले. हा टॅब पहिल्यापेक्षा बराच बरा होता. तो अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना देण्यात आला.

पवईच्या मंडळींनी काय केले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना टॅबवर नुसती व्याख्याने ऐकायची नव्हती. त्यांना संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचे होते, गणिते सोडवायची होती. म्हणून मोठ्या संगणकावर चालणारी साधने टॅबवर चालतील अशी सोय त्यांना मुद्दाम करावी लागली. आणि लांबलचक प्रोग्रॅम लिहायला सात इंचांच्या काचेवर बोट टेकवत बसणे कोणाला परवडणार? त्याला बाहेरून कळफलक जोडणेच बरे. पाटीला वही बनवायला इतकी खटपट लागते. २०१५ पर्यंत आकाशची योजना बंद झाली. तोवर त्याहून चांगले टॅब आणि फोन दुकानात मिळू लागले होते.

त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब वाटले. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू अशा माध्यमांच्या मुलांना ते मिळाले. हे काम मला आकाशपेक्षा शहाणपणाचे वाटते. कारण येथे टॅबकडून मागणे लहान होते. दफ्तराचे ओझे कमी व्हावे, पाठ्यपुस्तके त्यात सामावावीत, चित्रफिती पाहता याव्यात, एवढेच. वाचण्यासाठी आणि पाहण्यासाठी टॅब उत्तमच आहे. अडचण वेगळीच असते. अभ्यासक्रम बदलला की आत भरलेला मजकूर जुना होतो. आठवीची पाठ्यपुस्तके २०१८ मध्ये बदलली. छापील पुस्तक बदलायला नवे पुस्तक पुरते; टॅब बदलायला मात्र तो उघडून पुन्हा भरणारा माणूस लागतो, आणि काच फुटली तर दुरुस्त करणाराही लागतो.

आता आपण मुख्य मुद्द्याकडे वळू. रोजचे काम म्हणजे काय?

आमच्या मिरकरवाडा बंदरातील तांडेलाला विचारा. त्याला वाऱ्याचा अंदाज पाहायचा असतो. समुद्रात मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याची माहिती हैदराबादची एक सरकारी संस्था देत असते. ती वाचायची असते. त्याला लिहायचे फारसे काही नसते. त्याचे काम टॅबवर होते, किंबहुना फोनवरही होते. त्याने लॅपटॉप घेऊन होडीत बसावे, असे कोणीच म्हणणार नाही. तुम्ही दहावीपर्यंतची मुलेही बहुतेक वेळ तांडेलासारखीच असता. बालभारतीच्या पुस्तकातील चौकोनी काळ्या-पांढऱ्या खुणेसमोर टॅब धरला की 'दीक्षा' वरील पाठ उघडतो. नकाशा बोटांनी मोठा करता येतो. हृदयाचे चित्र फिरवून पाहता येते. शिकवणी ऐकता येते. यासाठी लॅपटॉपची काहीच गरज नाही. उलट अंथरुणावर पालथे पडून वाचायला टॅबच बरा.

पण लिहिण्याची वेळ आली की चित्र बदलते. लॅपटॉपच्या कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे या दोन कळांवर हळूच बोट फिरवून पाहा. तेथे दोन बारीक उंचवटे लागतील. ते कशासाठी आहेत? डोळ्यांनी न पाहता दोन्ही हातांच्या तर्जन्या आपल्या जागी याव्यात म्हणून. तर्जन्या जागेवर आल्या की बाकीची बोटे आपोआप आपापल्या कळांवर येतात, आणि मग नजर कागदावर ठेवून दहा बोटांनी लिहिता येते. टॅबच्या काचेवर उंचवटा नाही. बोटाला काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला डोळ्यांनी पहारा द्यावा लागतो. शिवाय अक्षरांनी अर्धा पडदा व्यापलेला असतो. लिहिलेले दिसते ते उरलेल्या अर्ध्या भागात. दोन ओळींचा निरोप असेल तर याने काही बिघडत नाही. दहा पानांचा प्रकल्प असेल तर मान आणि डोळे दोन्ही दुखतात.

आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीचे उदाहरण सांगते. तिच्या अब्बांनी कुवेतहून टॅब आणला होता. अकरावी-बारावीला तिने वाणिज्य शाखा घेतली आणि टॅबचा फार चांगला उपयोग केला. दिवसभराची शिकवणी ती रात्री पुन्हा ऐके. बारावीला तिला चांगले गुण मिळाले. त्याच वर्षी अब्बांचा करार संपला आणि ते घरी परतले. घरात कोणीतरी कमावणे आवश्यक झाले. तिने कचेरीत नोकरी करायचे ठरवले. त्यासाठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र हवे होते. पूर्वी ही सरकारी परीक्षा टंकलेखन यंत्रावर होत असे. यंत्रावरची ती परीक्षा २०१७ मध्ये बंद झाली आणि आता संगणकावर होते. मिनिटाला ३० शब्द ही तिची पहिली पायरी आहे.

मुलीला वाटले, आपण तर टॅबवर भराभर लिहितो! आणि ते खरे होते. दोन अंगठ्यांनी ती मैत्रिणींना एवढ्या वेगाने निरोप पाठवी, की पाहणाऱ्याला नवल वाटे. पण परीक्षेच्या कळफलकावर अंगठ्यांचा वेग कामाला आला नाही. अंगठ्याला तेथे फक्त दोन शब्दांमधली मोकळी जागा सोडण्याचे काम असते. क्लासमध्ये तिला दिवसाला एकच तास संगणक मिळे. घरी सराव कशावर करणार? पहिल्या वेळी ती नापास झाली. घरात बोलणे सुरू झाले, "आता पुरे." तेव्हा तिने सहाशे रुपयांचा एक साधा कळफलक आणला, जोडणीची तार आणली, आणि टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. रोज मगरिबनंतर दीड तास ती इंग्रजीचा सराव करी. पुढच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. आज ती एका हिशेबनिसाच्या कचेरीत काम करते.

या उदाहरणावरून कोणी म्हणेल, "मग टॅबला कळफलक जोडला की झाले!" अर्धे खरे आहे. इंग्रजीचे लेखन, पत्र, अर्ज, लहान निबंध यांसाठी अशी जोडी चांगली चालते. पण उर्दू आणि मराठीचा प्रश्न आला की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती तुमच्या-माझ्यासारख्यांना इतरांपेक्षा जास्त जाणवते.

तुम्हाला माहीत आहे, की उर्दूची नस्तालीक लिपी छापणे फार अवघड. अक्षर शब्दात कोठे येते त्याप्रमाणे त्याचे रूप बदलते आणि शब्द तिरपा खाली उतरतो. म्हणून कितीतरी वर्षे उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हातांनी लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनावरून 'नूरी नस्तालीक' संगणकावर आली. त्यासाठी हजारो जोडाक्षरे एकेक करून लिहावी लागली होती. पुढे १९९४ मध्ये दिल्लीतील एका कंपनीने 'इनपेज' हा प्रोग्रॅम तयार केला आणि उर्दू छपाईचे रूपच पालटले. लग्नाची पत्रिका असो, शाळेची प्रश्नपत्रिका असो की वर्तमानपत्र असो, इनपेज सगळीकडे पोहोचला. आजही उर्दूचे छपाईकाम करणाऱ्या दुकानात गेलात तर तोच दिसेल.

मात्र इनपेज विंडोज असलेल्या संगणकासाठी बनलेला आहे. आपल्या बाजारातील बहुतेक टॅब अँड्रॉइडवर चालतात. कुलूप एका कंपनीचे आणि किल्ली दुसऱ्या कंपनीची, असा तो प्रकार आहे. जुन्या इनपेजमध्ये केलेली प्रश्नपत्रिका मी टॅबवर उघडू शकत नाही. मराठीतही जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर टॅबवर उघडला की भलतीच अक्षरे दिसतात. आज युनिकोड आले आहे. त्यात प्रत्येक भाषेच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलेला आहे, त्यामुळे युनिकोडमधील उर्दू आणि मराठी टॅबवर नीट वाचता येते. गुगलने २०१४ मध्ये उर्दूसाठी नस्तालीक फॉन्ट मोफत दिला, हेही मोठे काम झाले. वाचण्याची अडचण त्यामुळे बरीचशी गेली आहे. परंतु एकाच पानावर उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी, मध्ये गणिताची आकृती, खाली गुणांचा तक्ता, असे पान तयार करायला मी लॅपटॉपच उघडते. तुमच्यापैकी ज्यांना पुढे छपाईचे किंवा डीटीपीचे काम करायचे आहे, त्यांनी टॅबचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत जाऊ. ही बाग माझे मामू सांभाळतात. मार्च ते मे हा त्यांचा धामधुमीचा काळ. हापूसच्या पेट्या भरून वाशीच्या बाजारात जातात. काही दिवसांनी तिकडून 'पट्टी' येते. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. किती पेट्या विकल्या, काय भाव मिळाला, वाहतूक, हमाली वगैरे किती वजा झाले, हे सगळे तिच्यावर असते. मामू बागेत टॅब घेऊन फिरतात. कोणत्या कलमावर कोणत्या तारखेला फवारणी केली, याची नोंद तेथेच करतात. औषधाच्या डब्याचे छायाचित्र काढून ठेवतात. बागेत लॅपटॉप उघडून मांडी घालून कोण बसणार? पट्टी आली की तिचेही छायाचित्र टॅबमध्ये जाते.

हंगाम संपला की मात्र त्यांचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो. एकीकडे पट्ट्यांची छायाचित्रे आणि दुसरीकडे हिशेबाचा तक्ता, असे दोन्ही एकाच पडद्यावर उघडून तो आकडे मांडतो. टॅबवरही पडदा विभागता येतो. पण तीन महिन्यांच्या साठ-सत्तर पट्ट्या त्या अरुंद जागेत जुळवणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणे. एका वर्षी अशा जुळवणीत एका पट्टीवर हमाली दोनदा कापलेली आढळली. १,८४० रुपयांचा फरक होता. मामूंनी फोन केला, व्यापाऱ्याने वही पाहिली आणि पुढच्या पट्टीत पैसे वळते केले. टॅबमध्ये ती पट्टी तीन महिने होतीच. ती तेथे नुसती ठेवलेली होती. तिची इतरांशी तुलना झाली ती लॅपटॉपवर.

आतापर्यंत लॅपटॉपचे पारडे जड झाले, असे तुम्हाला वाटले असेल. पण आपण कोकणात राहतो! रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवा दमट आणि खारी. लॅपटॉपला आतून थंड करणारा पंखा असतो, हवा आत-बाहेर जाण्यासाठी फटी असतात, कळांच्या खालीही पोकळी असते. या सगळ्या वाटांनी दमट हवा आणि धूळ आत शिरते. बहुतेक टॅबना पंखा नसतो. ते बरेचसे बंदिस्त असतात, म्हणून पावसाळ्यात कमी कुरकुर करतात.

आणि विजेचे काय? ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. त्याच महिन्यांत करोनामुळे शाळा बंद होत्या आणि अभ्यास फोनवर चालू झाला होता. अशा वेळी बॅटरीचा हिशेब समजून घेतला पाहिजे. साधारण टॅबच्या बॅटरीत २५ ते ३० वॅट-तास एवढी ऊर्जा मावते आणि वाचताना तो ३-४ वॅटच खर्च करतो. म्हणजे सात-आठ तास चालतो. लॅपटॉपच्या बॅटरीत ४० ते ६० वॅट-तास मावतात, पण त्याचा खर्च १० ते १५ वॅट असतो. म्हणून तो चार-पाच तासांत थकतो. खिशात मावणाऱ्या साध्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास असतात. त्यातील काही वाया गेले तरी टॅब जवळजवळ एकदा पूर्ण भरतो. पुष्कळ लॅपटॉप मात्र अशा पॉवर बँकेला दादच देत नाहीत. त्यांना ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर लागतो. वीज वरचेवर जाणाऱ्या वाडीत राहणाऱ्या मुलासाठी हा मुद्दा फार मोठा आहे. ज्या घरात दिवाच नाही त्या घरात लॅपटॉप काय कामाचा?

पैशांचेही बोलू. साधारण नव्या लॅपटॉपच्या किमतीत दोन-तीन साधे टॅब येतात. हे ऐकून टॅब स्वस्त वाटतो. पण त्याला कळफलक, उभे करायचे आवरण आणि जास्त साठवणीचे कार्ड घेतले की अंतर कमी होते. शिवाय टॅबची बॅटरी बहुधा आत चिकटवलेली असते आणि ती बदलणे कटकटीचे असते. जुन्या बांधणीच्या लॅपटॉपची बॅटरी, स्मृती, कळफलक हे भाग सुटे मिळतात आणि बदलता येतात. (अलीकडच्या पातळ लॅपटॉपांत तीही सोय कमी झाली आहे. पातळपणाचे हे वेड मला समजत नाही. दप्तरात डबा पातळ असून चालतो का?)

मग माझे मत काय? दहावीपर्यंतच्या मुलाला, विशेषतः वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या गावात, टॅब पुरतो. लहान भाऊ त्यावर दिवसभर खेळत बसणार नाही, याची जबाबदारी मात्र अम्मीने नव्हे, तुम्ही घ्यायची. दहावीनंतर वाणिज्य, संगणक, अभियांत्रिकी, पत्रकारिता किंवा छपाई यांकडे वळणाऱ्याला लॅपटॉपच हवा. टॅबने त्याची जागा भरून निघत नाही. पैसे कमी असतील तर नव्या टॅबपेक्षा चांगल्या स्थितीतील जुना लॅपटॉप घ्यावा, असे मी पालकांना सांगते. ही गोष्ट अब्बांना पटवणे सोपे नसते. परदेशातून जुनी वस्तू कशी आणायची, असे त्यांना वाटते. लोक काय म्हणतील, असेही वाटते.

अशा वेळी तो येथेच, रत्नागिरीत, एखाद्या माहितीच्या दुकानातून घ्यावा आणि घेताना घाई करू नये. अर्धा तास तो विजेला न जोडता चालवून पाहा. बॅटरीचा खरेखोटेपणा तेथेच कळतो. कळफलकावरील एकूण एक कळ दाबून पाहा. बिजागरी सैल आहे का, पडद्यावर काळा डाग आहे का, ते उजेडात तपासा. त्यात उर्दू आणि मराठी युनिकोड दुकानदाराकडूनच सुरू करून घ्या, आणि तेथेच उभे राहून आपले नाव दोन्ही लिपींत लिहून पाहा. पावती आणि निदान तीन महिन्यांची हमी लेखी मागा.

शब्दार्थ
बोरू – लेखणी, कलम. कळफलक – अक्षरांच्या कळा असलेली पट्टी. तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट. तांडेल – मासेमारीच्या होडीचा प्रमुख. पट्टी – विक्रीच्या हिशेबाचा कागद. नेढे – सुईचे छिद्र. दाद न देणे – न जुमानणे. पारडे जड होणे – एका बाजूचे वजन किंवा महत्त्व वाढणे.

स्वाध्याय
१. डायनाबुकच्या चित्रात लेखिकेला कोणती गोष्ट महत्त्वाची वाटली? का?
२. टॅबवर वेगाने लिहिणारी मुलगी टंकलेखनाच्या परीक्षेत पहिल्या वेळी नापास का झाली?
३. 'दफ्तर' या शब्दाचा उर्दूत आणि मराठीत वेगळा अर्थ आहे. दोन्ही भाषांत आढळणारे असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचे अर्थ सांगा.
४. तुमच्या घरातील फोन, टॅब किंवा संगणकावर आठ दिवसांत कोणकोणती कामे झाली, ते लिहून ठेवा. त्यांतील वाचण्या-पाहण्याची कामे किती आणि लिहिण्याची किती, ते मोजा. तुमच्या घराला कोणते यंत्र योग्य ठरेल, याविषयी अब्बांना किंवा मामूंना मराठीत दहा ओळींचे पत्र लिहा.